मायावती आधी, नवतारा नंतर

प्रश्न : ताई, नवताऱ्यांनाही (अचानक काही काळ उजळणाऱ्या ताऱ्यांनाही) ग्रहण लागतं असं वाचलं. माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आहे, गच्ची सिंहगड रोडला. मला ते दिसेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ग्रहण लागतं, अगदी खरं. शौरी तारकासमूहात १९३४ साली उजळलेला नवतारा, डीक्यू हर्क्युलिस, दर ४ तास ३९ मिनिटांनी मंदावतो. खगोलशास्त्रज्ञ वॉकर यांनी हे १९५४ मध्ये टिपलं. यातल्या श्वेत बटूभोवतीची (लहान, अतिशय दाट ताऱ्याभोवतीची) तप्त वायूची तबकडी त्याचा जोडीदार लाल तारा झाकतो. पण आता हा तारा १४व्या प्रतीच्या आसपास असतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). शहराच्या उजेडात तुमच्या दुर्बिणीतून तो डोळ्यांना दिसणार नाही. त्याला कॅमेरा हवा, आणि जुन्नरच्या बाजूचं काळोखं आकाश.

तोवर ययाती तारकासमूहातल्या मायावती (अल्गोल) या ताऱ्याला धरा, तेही नुसत्या डोळ्यांनी. तिलाही जोडीदार ताऱ्यामुळे ग्रहण लागतं. डिसेंबरात रात्री साडेनऊला उत्तरेकडे तोंड करा, ती चांगली उंचावर असते. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी ती २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत उतरते. उतरून पुन्हा चढायला साधारण दहा तास लागतात. सोमवारी मध्यरात्री ती सर्वांत मंद असेल, तर पुढची वेळ गुरुवारी रात्री पावणेनऊची. मग जेवण आटपूनच गच्चीवर जा!

तुलनेला देवयानी तारकासमूहातला गॅमा तारा (२.१) घ्या, ययातीतले एप्सिलॉन (२.९), डेल्टा (३.०) आणि कॅपा (३.८) घ्या. शेजारचा नारिंगी ऱ्हो मात्र घेऊ नका. पहिल्या हिवाळ्यात मी त्याच्याशीच ताडून पाहत होते. तो स्वतःच रूपविकारी (तेज बदलणारा) आहे हे फेब्रुवारीत कळलं आणि सगळी वही बाद झाली. फार वाईट वाटलं होतं.

टॉर्चला लाल जिलेटिन लावा, घड्याळ आधी मिळवून घ्या. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ : वेळ, आणि ‘एप्सिलॉनपेक्षा किंचित मंद’ असं काहीतरी. खालचा तळ कधी गाठला हे त्या ओळींवरूनच काढायचं असतं. नवताऱ्याच्या ग्रहणातही हेच करतात, फक्त तिथे मोजणी कॅमेरा करतो. त्यासाठी टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊन विचारा. १९४४ पासून तिथे हौशी मंडळी आकाश पाहत आली आहेत.

आणि नवीन अंदाज लिहून होईपर्यंत वरची ओळ हाताने झाकून ठेवा. मागचा आकडा दिसला की डोळा त्याचंच ऐकतो.