नेकची कमान, तारांची उंची: बेस गिटारवाल्यांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की बेस गिटारबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: गेल्या महिन्यापर्यंत छान वाजत होता, आता तार फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) खडखडते. उत्तरांआधी एक गोष्ट सगळ्यांसाठी. चारही तारा सुरात असताना बेसच्या नेकवर, म्हणजे लांब दांडीवर, मिळून साधारण 80 किलोचा ताण असतो, आणि तो ताण झेलणारं लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. त्यामुळे सेटअप एकदा केला आणि संपला असं होत नाही. तो स्वतः शिकून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. क्रम मात्र पाळायचा: आधी तारा, मग सूर, मग नेकची कमान, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर खरा येणं), शेवटी पिकअप (तारांखालचं चुंबक, जे त्यांची कंपनं ॲम्पकडे पोचवतं). मधली पायरी गाळली तर पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

प्रश्न (चिपळूण): आमचा ऑर्केस्ट्रा गणपतीत रोज कार्यक्रम करतो. पावसात माझ्या बेसचे पहिले तीन-चार फ्रेट खडखडू लागलेत. मित्र म्हणतो, ट्रस रॉड फिरव. दुकानदार म्हणतो, हात लावू नकोस, नेक फुटेल. कोणाचं ऐकू?

आधी मोजा, मग ठरवा. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत बसवलेली लोखंडी सळई. तारा नेकला पुढे ओढतात, सळई त्याला मागे धरते. नेक अगदी सरळही नको. तार मधोमध सर्वात जास्त हलते, म्हणून तिला जागा द्यायला नेकला किंचित पुढे झुकलेली कमान लागते.

ती मोजायची अशी. बेस सुरात लावा आणि वाजवताना धरता तसाच धरा, मांडीवर आडवा ठेवू नका. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने (नेकवर लावायच्या चिमट्याने) दाबा. जिथे नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर ती दुसऱ्या हाताने दाबा. आता आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांच्यामध्ये किती फट आहे ते पाहा. 0.25 ते 0.35 मिलीमीटर असेल तर कमान ठीक. मोजायला फीलर गेज लागतं. मोटारसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तेच, कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात मिळतं.

तुमचे खालचेच फ्रेट खडखडतायत, म्हणजे बहुधा कमान कमी झाली आहे किंवा नेक उलटा मागे गेला आहे. फट जवळजवळ शून्य निघाली तर सळईच्या टोकाचा नट घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सैल करायचा. फट 0.5 च्या वर निघाली तर घड्याळाच्या दिशेने कसायचा, आणि कसण्याआधी तारा थोड्या ढिल्या करायच्या. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. काही नेक लगेच बसतात, काहींना रात्र लागते, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हे करू नका.

पावसात सगळेच नेक एका दिशेने जातात असं नाही. कुणाची कमान वाढते, कुणाची घटते. मित्राचा सल्ला त्याच्या बेससाठी बरोबर आणि तुमच्यासाठी उलटा असू शकतो. दुकानदाराच्या भीतीतही तथ्य आहे, पण नेक फुटतो तो पाव फेऱ्याने नाही, अडलेला नट जोर लावून फिरवल्याने. नट हलत नसेल तर थांबा आणि जाणकाराकडे द्या. किल्लीचं माप तंतोतंत हवं. अमेरिकन बनावटीच्या बऱ्याच बेसना इंचातली ॲलन की लागते, आशियाई बनावटीच्या अनेकांना मिलीमीटरमधली. जवळच्या मापाची किल्ली घुसवली की नटाचं तोंड गोल होतं, आणि ते दुरुस्त करणं महागात पडतं.

कमान बसल्यावरच तारांची उंची पाहा. सतराव्या फ्रेटवर ई तार साधारण 2.4 मिलीमीटर आणि जी तार 2 मिलीमीटर, इथून सुरुवात करा. जोरात वाजवणाऱ्याला थोडी जास्त लागते. यानंतरही बाराव्या फ्रेटच्या वर खडखड असेल तर सॅडल (बॉडीकडे तार ज्यावर टेकते तो तुकडा) खाली गेलं आहे. एकाच जागी असेल तर तिथला एखादा फ्रेट वर आला आहे. फक्त मोकळी तार खडखडत असेल तर खुंट्यांकडे तारा ज्यावर टेकतात त्या नटची (सळईचा नट वेगळा) खाच खोल झाली आहे. आणि ॲम्पमधून ऐकू न येणारी थोडी खडखड राहिली तर राहू द्या.

प्रश्न (नागपूर): एप्रिल-मेमध्ये फ्रेटची टोकं हाताला टोचतात. कारागिराने चुकीचे फ्रेट बसवलेत का?

नाही. कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्डचं, म्हणजे फ्रेट ज्यात बसवतात त्या पट्टीचं, लाकूड रुंदीत आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून टोकं बाहेर येतात. कॅनडातून एका वाचकाने हीच तक्रार जानेवारीत कळवली होती. तिथे घर तापवणाऱ्या हीटरने हवा कोरडी होते. बेस केसमध्ये ठेवा, आत आर्द्रतेचं पाकीट ठेवा आणि आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राखा. कूलरसमोर उघडा ठेवू नका. रोजवुडचा फिंगरबोर्ड असेल तर वर्षातून एक-दोनदा तेलाचा अगदी हलका हात द्या. लॅकर मारलेल्या मेपलला तेलाची गरज नाही. ऐन उन्हाळ्यात टोकं कानशीने घासून घेतली तर पुन्हा कधी टोचणार नाहीत, पण हे काम सवयीच्या हाताचं आहे.

प्रश्न (वसई): चर्चमध्ये आणि लग्नांत वाजवतो. महिन्याभरात तारा मेलेल्या वाटतात. चांगला संच दोन-तीन हजारांना पडतो. काहीजण तारा पाण्यात उकळतात. ते करावं का? की फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत) तारा घ्याव्यात?

उकळल्याने आवाज परत येतो, कारण वेटोळ्यांच्या फटीत बसलेला घाम आणि मळ निघतो. पण हा उजाळा थोड्याच दिवसांचा असतो, आणि आत ओल राहिली तर गाभ्याला गंज धरतो. वसईच्या हवेत तर लवकरच. करायचंच असेल तर तारा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, ते पूर्ण उडून जातं. त्याहून मोठा फरक साध्या सवयीने पडतो: वाजवून झालं की प्रत्येक तार खालून-वरून कोरड्या सुती फडक्याने पुसायची, वाजवण्याआधी हात धुवायचे.

पण तुमचा खरा प्रश्न आवाजाचा आहे, असं मला वाटतं. राउंडवाउंड, म्हणजे गोल वेटोळ्याच्या नेहमीच्या तारेची चमक हीच तिची ओळख. 1966 मध्ये ‘द हू’ बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल आणि तारा बनवणारी रोटोसाउंड कंपनी यांनी मिळून पियानोसारखी झणझणीत बेसची तार घडवली, तेव्हापासून रॉकमध्ये तो आवाज रुजला. ती चमक घामाने जाणारच. दुसरीकडे मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन. 1962 चा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस, जाड फ्लॅटवाउंड तारा, उजव्या हाताचं एकच बोट, आणि तार तुटल्याखेरीज तो ती बदलत नसे. मोटाउनच्या त्या असंख्य गाण्यांतला गोल, भरीव बेस जुन्या तारांचाच आहे.

लग्नात जुनी हिंदी गाणी आणि चर्चमध्ये स्तोत्रं हे तुमचं मुख्य काम असेल, तर फ्लॅटवाउंड घ्या. किंमत जास्त, पण वर्षानुवर्षं टिकतात, बोटांचा सरकण्याचा आवाज येत नाही, फ्रेटही कमी झिजतात. गायकाच्या खाली शांतपणे बसणारा आवाज त्यांचा आहे. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवत असाल तर मात्र घेऊ नका. फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा जास्त असतो, म्हणून चढवल्यावर कमान पुन्हा मोजायची.

बसवताना एक काळजी घ्या: जादा तार कापण्याआधी ती काटकोनात वाकवा आणि वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर आतला गाभा आणि वरचं वेटोळं एकमेकांवरून सरकतं आणि नवी तार पहिल्याच दिवशी बोदी वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली उतरत.

प्रश्न (पुणे): मोकळी तार ट्यूनरवर बरोबर दाखवते, पण बाराव्या फ्रेटवर चढी येते. तारा दीड वर्ष जुन्या आहेत.

तारा बदला. जुनी तार सगळीकडे सारखी जड राहत नाही, तिच्यावर इंटोनेशन लावणं फुकट आहे. नव्या तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर न्या. उतरता असेल तर पुढे आणा. सॅडल सरकवताना तार ढिली करा. नेहमी दाबता तेवढंच दाबा, घट्ट दाबलं की सूर चढतोच. एवढं करूनही जाड तार वरच्या फ्रेटवर डगमगत असेल तर पिकअप फार वर आलेत, चुंबक तारेला ओढतोय. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ती आणि पिकअप यांच्यात अडीच-तीन मिलीमीटर ठेवा.

प्रश्न (ठाणे): फेंडरच्या जॅझ बेस पद्धतीचा बेस आहे. घरी सतत गुणगुण येते. तारांना हात लावला की कमी होते. पण हॉलवर सराव करताना एकदा ओठ माइकला लागला आणि चटका बसला.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा जिवाचा आहे.

गुणगुण आधी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 49 हर्ट्‌झचा, म्हणजे ही गुणगुण अगदी बेसच्याच पट्टीत येते. 1960 मध्ये आलेल्या जॅझ बेसमध्ये दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की दोघांची गुणगुण एकमेकांना रद्द करते, एक कमी केला की परत येते. प्रिसिजनच्या 1957 पासूनच्या दोन तुकड्यांच्या पिकअपमध्ये ही सोय एकाच पिकअपात आहे. हात लावल्यावर आवाज कमी होतो, म्हणजे तुमच्या बेसचं ग्राउंड ठीक आहे, बाहेरची गुणगुण अडवणारं आच्छादन कमी पडतंय. पिकअपच्या खाचा आणि कंट्रोलचा खड्डा तांब्याच्या चिकटपट्टीने मढवा, सगळे तुकडे एकमेकांशी आणि ग्राउंडशी जोडलेले आहेत ना ते मल्टिमीटरने पाहा. एलईडी दिव्यांपासून आणि मोबाइलच्या चार्जरपासून दूर बसलात तरी फरक जाणवेल.

आता तो चटका. तुमचा ॲम्प किंवा माइकची साउंड सिस्टिम, यातल्या एकाला अर्थिंग नाही. बेसच्या तारा ॲम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, माइकची जाळी साउंड सिस्टिमच्या, आणि त्या दोघांच्या मध्ये तुमचं शरीर येतं. गुणगुण घालवायला म्हणून तीन पिनच्या प्लगची मोठी पिन काढणं किंवा दोन पिनचा ॲडॉप्टर लावणं ही सवय मंडपात आणि जुन्या हॉलमध्ये सर्रास दिसते. ती माणसं मारते. अर्थची पिन कधीही काढू नका. हॉलवाल्यांना सांगून इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते विचारा. शक्य असेल तिथे बेसचा ॲम्प आणि साउंड सिस्टिम एकाच अर्थ असलेल्या बोर्डावरून घ्या. हे होईपर्यंत त्या हॉलवर वाजवू नका. बँडमधल्या बाकीच्यांनाही हे वाचायला द्या.

प्रश्न (डोंबिवली): सेकंडहँड बेस घेतोय. सगळं उत्तम, फक्त जी तारेचा पाचवा-सहावा फ्रेट लगेच विझतो. सोडून देऊ का?

तेवढ्यासाठी सोडू नका. लाकडी नेकच्या बेसमध्ये, विशेषतः फेंडर पद्धतीच्या, जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान अशी मेलेली जागा फार आढळते. नेकची स्वतःची कंपनं असतात. तारेचा सूर त्यांच्याशी जुळला की तारेतली ऊर्जा नेक पिऊन टाकतो आणि सूर विझतो. फ्रेट घासून किंवा तारा बदलून ती जागा जात नाही. हेडस्टॉकवर (खुंट्या असलेल्या टोकावर) छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की ती थोडी सरकते. लांब सूर हवा असेल तेव्हा तोच सूर डी तारेवर पाच फ्रेट वर घ्या: जी तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे डी तारेचा दहावा.

खरं पाहायचं ते वेगळं. ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवतात त्या भागाच्या) बाजूने नेकवर नजर लावा. नेक पिळलेला असेल तर परत फिरा, मग किंमत कितीही कमी असो. मालकासमोर ट्रस रॉड दोन्ही दिशांना थोडा फिरतो का ते पाहा. पूर्ण कसलेला असेल तर पुढे वाव उरलेला नाही. पहिल्या पाच फ्रेटवर खोल चरे, सॅडलच्या स्क्रूवर गंज (समुद्राकाठच्या बेसवर हमखास), सगळे व्हॉल्यूम फिरवून करकर, हे बघून घ्या. करकर स्वस्तात जाते, पूर्ण फ्रेट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. बेस ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर बॅटरीचा कप्पा उघडा, आत गळालेल्या सेलचा पांढरा थर नको. आणि घरी आणल्यावर वाजवून झालं की केबल काढून ठेवा. अशा बहुतेक बेसमध्ये केबल घातली की बॅटरी चालू होते आणि घातलेली राहिली तर ती रात्रभर संपत राहते.

प्रश्न (कोल्हापूर): मुलगी अकरा वर्षांची आहे. शाळेच्या बँडमध्ये तिला बेसच हवा आहे. हात लहान आहेत. थोडी वर्षं थांबू का?

थांबू नका, तिची इच्छा आत्ता आहे. नेहमीच्या बेसची तार 34 इंचांची असते, शॉर्ट स्केलची 30 इंचांची. नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर मोठ्या बेसवर साडेअठ्ठेचाळीस मिलीमीटर, छोट्यावर जवळपास त्रेचाळीस. लहान हाताला हा फरक मोठा आहे. शॉर्ट स्केल म्हणजे खेळणं नव्हे. पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बर्गला घेतलेला होफ्नर शॉर्ट स्केलच होता. फेंडरचा मस्टँग बेसही, 1966 पासूनचा.

खालच्या फ्रेटवर तिला चार फ्रेटना चार बोटं ताणायला लावू नका. डबल बेसवाले वापरतात तशी पहिलं, दुसरं आणि चौथं बोट ही पद्धत शिकवायला तिच्या सरांना सांगा, म्हणजे मनगट दुखणार नाही. पट्टा सात-आठ सेंटिमीटर रुंद घ्या. घरी हेडफोनवर सराव पुरेसा आहे. गिटारच्या लहान ॲम्पमध्ये बेस मोठ्या आवाजात लावला तर त्याचा स्पीकर फाटतो. आणि तारा घेताना पाकिटावर शॉर्ट स्केल लिहिलंय ना ते पाहा. लांब स्केलची तार कापून लावली तर तिचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तिथेच तुटतो.