जुना गेमिंग पीसी, वाढीव रॅम : वाचकांचे प्रश्न

डीडीआर३ (पीसीच्या मेमरीची एक जुनी पिढी) रॅमवर चालणाऱ्या, म्हणजे साधारण २०११ ते २०१५ या काळात जोडलेल्या गेमिंग पीसींबद्दल यावेळी बरेच प्रश्न आले. त्यांतले सहा इथे घेतले आहेत. उत्तरांआधी एक विनंती. रॅमची नवी स्टिक लावली आणि काही बिघडलं, की स्टिकच खराब निघाली असं धरून चालू नका. पुष्कळदा स्टिक चांगली असते, फक्त ती त्या बोर्डासाठी (मदरबोर्डासाठी) नसते. हे ओळखायला थोडी चिकाटी आणि एक पेन ड्राइव्ह पुरतो.

प्रश्न : माझ्याकडे आय५-३४७० आणि एच६१ बोर्ड आहे. ४ जीबीची एक स्टिक होती. ऑनलाइन फार स्वस्तात ८ जीबीची डीडीआर३ १६०० स्टिक मिळाली म्हणून घेतली. ती लावली की पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. एकटी लावली तरी तेच. मित्राच्या एएमडी पीसीवर मात्र तीच स्टिक नीट चालते. बोर्ड गेला का? (नाशिक)

उत्तर : जुन्या स्टिकवर पीसी सुरू होत असेल तर बोर्ड शाबूत आहे. एएमडीवर चालते आणि इंटेलवर नाही, यातच उत्तर आहे. ‘फक्त एएमडीसाठी’ या प्रकारच्या ८ जीबी डीडीआर३ स्टिक बाजारात भरपूर फिरतात आणि विकणारा ते सांगतोच असं नाही.

फरक चिपमध्ये असतो. प्रोसेसर रॅमच्या एका चॅनेलवर (रॅम आणि प्रोसेसर जोडणाऱ्या वाटेवर) एका वेळी ६४ बिट वाचतो. नेहमीच्या डेस्कटॉप स्टिकवर प्रत्येक चिप ८ बिट पुरवते, त्यामुळे ८ चिपांची एक रँक होते. ८ जीबीच्या स्टिकवर अशा दोन रँक, म्हणजे १६ चिपा असतात आणि लेबलवर ‘२आरएक्स८’ असं छापलेलं असतं. स्वस्त स्टिकवरच्या चिपा ४ बिटांच्या असतात. तिथे १६ चिपा मिळून एकच रँक होते. एएमडीच्या एएम३ आणि एएम३+ प्रोसेसरांना ही मांडणी वाचता येते, इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना येत नाही. चिपांची संख्या दोन्हीकडे सारखीच, म्हणून नुसतं बघून कळत नाही. मित्राच्या पीसीवर सीपीयू-झेड (पीसीच्या भागांची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा आणि ‘एसपीडी’ टॅबमध्ये त्या स्टिकचा स्लॉट निवडा. ८ जीबी, दोन्ही बाजू मिळून १६ चिपा, आणि तरीही रँक ‘सिंगल’ दिसली, तर शंका फिटली. बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट करून किंवा व्होल्टेज वाढवून ही स्टिक तुमच्याकडे चालणार नाही. परत करा.

बदली घेताना आणखी दोन फसगती टाळा. जेमतेम ८ चिपांत ८ जीबी बसवलेली स्टिकही तुमच्या प्रोसेसरला वाचता येत नाही, कारण तिच्यावरच्या चिपा ८ गिगाबिटच्या असतात आणि तिसऱ्या पिढीचा इंटेल ४ गिगाबिटपर्यंतच जातो. १६ जीबीच्या एकेरी डीडीआर३ स्टिकचा विचारही याच कारणाने सोडून द्या. दुसरी फसगत सर्व्हरमधून निघालेल्या स्टिकची. खाच तीच आणि पिना २४०च, त्यामुळे ती स्लॉटमध्ये मस्त बसते, पण साधा बोर्ड तिच्यावर सुरू होत नाही. लेबलवर ‘पीसी३-१२८००आर’ असा शेवटी ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची. तुम्हाला हवी ‘यू’ अक्षराची. लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, विचारायचं एवढंच: डीडीआर३, पीसी३-१२८००यू, २आरएक्स८, १.५ व्होल्ट, इंटेल बोर्डावर चालवून दाखवणार का? १.३५ व्होल्टची ‘एल’ स्टिक मिळाली तर तीही चालते, कारण त्या १.५ व्होल्टही सोसतात. एच६१ बोर्डाला दोनच स्लॉट असतात, तेव्हा ८ अधिक ८, म्हणजे १६ जीबी, ही तुमची कमाल मर्यादा.

प्रश्न : आय५-२४००, चार स्लॉटचा बोर्ड, विंडोज ७. आधी ४-४ जीबीच्या दोन स्टिक होत्या, त्यात तशाच आणखी दोन घातल्या. ‘१६.० जीबी (७.९ जीबी वापरण्याजोगी)’ असं दिसतं. अर्धी रॅम कुठे गेली? (सोलापूर)

उत्तर : आधी बायोसमध्ये जाऊन एकूण आकडा बघा. तिथे १६ दिसत असेल तर रॅम आणि बोर्ड निर्दोष आहेत, अडचण विंडोजची आहे. आपल्याकडे त्या काळात अनेक तयार पीसींबरोबर विंडोज ७ होम बेसिक आलं. त्याच्या ६४ बिट आवृत्तीची मर्यादाच ८ जीबी आहे. होम प्रीमियमची १६, प्रोफेशनलची १९२. तुमचा ७.९ हा आकडा होम बेसिककडेच बोट दाखवतो. ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आवृत्तीचं नाव बघा.

आवृत्ती दुसरी निघाली तर एमएसकॉन्फिग (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारं त्यातलंच साधन) चालवा, ‘बूट’ टॅबमध्ये ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा. ‘मॅक्सिमम मेमरी’समोर टिक असेल तर ती काढा आणि रीस्टार्ट करा. वेग वाढेल या आशेने कुणीतरी तिथे ८१९२ टाकून ठेवलेलं असतं. ही टिक मर्यादा घालण्यासाठी आहे, तिने वेग वाढत नाही.

बायोसमध्येच ८ दिसत असतील तर गोष्ट वेगळी. मग एक अख्खं चॅनेल बंद पडलेलं असू शकतं, आणि त्याचं कारण बऱ्याचदा रॅमच्या स्लॉटमध्ये नसून प्रोसेसरखाली असतं. एलजीए ११५५ सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात. त्यांतली एखादी वाकली, किंवा कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला, तरी त्या बाजूचे स्लॉट मरतात. रॅमबरोबर कूलरही काढून बसवला असेल तर तिथूनच सुरुवात करा. चारही स्क्रू थोडे सैल करून कोपऱ्यामागून समोरचा कोपरा अशा क्रमाने पुन्हा सारखे आवळा.

गेमसाठी पीसी वापरत असाल तर विंडोज ७ वर थांबू नका, १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने त्याचा आधार काढून घेतला आहे. विंडोज १० होमची मर्यादा १२८ जीबी आहे, तेव्हा ही अडचण तिथे उरणार नाही. त्याचाही सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे मात्र लक्षात असू द्या.

प्रश्न : पावसाळ्यात पीसी दोन-तीन आठवडे बंद राहिला की सुरू करताना लांब बीप येत राहतात. रॅम काढून खोडरबराने घासली की चालतो. आता दुसरी स्टिक घातली, ती कधी दिसते, कधी नाही. (रत्नागिरी)

उत्तर : किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटमधल्या बारीक स्प्रिंगांवर पातळ थर चढतो. तुम्ही एकच बाजू साफ करता आहात, दुसरी तशीच राहते.

एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा छोटा दिवा विझेपर्यंत रॅमला हात लावू नका, कारण बंद पीसीतही ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू असते. खोडरबर पांढरा, मऊ घ्या. शाईचा निळा-तांबडा खरखरीत खोडरबर सोन्याचा मुलामा खरवडतो. घासायचं ते वरून कडेकडे, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. आडवं घासलं तर मळ शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जाऊन बसतो. हे काम कॅबिनेटपासून दूर करा, खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीनच दुखणं मागे लागतं. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती कापडाने पुसून पाच मिनिटं सुकू द्या. स्लॉटमध्ये कापड किंवा पुठ्ठा खुपसू नका. नव्या, मऊ ब्रशने लांबीच्या दिशेने झटका, इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा द्या, पूर्ण सुकल्यावर स्टिक तीन-चार वेळा घाला-काढा. त्या घर्षणाने स्प्रिंगवरचा थर निघतो.

आता बसवणं. काही बोर्डांच्या स्लॉटला एकाच टोकाला क्लिप असते. क्लिपचा ‘टक’ आवाज आला की आपण खूश होतो, आणि दुसरं टोक दीड-दोन मिलिमीटर वर राहिलेलं असतं. कधी दिसते, कधी नाही याचं हे नेहमीचं कारण. बोर्डाच्या पातळीवर डोळा आणून बघा: सोनेरी पट्ट्यांची रेघ दोन्ही टोकांना सारखीच झाकलेली हवी. आधी क्लिप नसलेलं टोक दाबा, मग दुसरं.

बदल केल्यावर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड आपणहून दोन-तीनदा बंद-चालू होऊ शकतो. घाईने वायर ओढू नका, एक-दोन मिनिटं द्या. तारीख-वेळ पुसली जात असेल तर सीआर२०३२ बॅटरीही बदला. आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवसांआड तासभर पीसी चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही. एवढं करूनही दर महिन्याला घासावं लागत असेल तर पट्ट्यांखालचं तांबं उघडं पडलं आहे का ते भिंगाने पाहा. तसं असेल तर ती स्टिक बदलायला झाली.

प्रश्न : आय५-३५७०के, झेड७७ बोर्ड. ४-४ जीबीच्या १६०० वेगाच्या दोन स्टिक होत्या. त्यात १८६६ च्या, १.६५ व्होल्टच्या दोन घातल्या आणि एक्सएमपी चालू केलं. विंडोज नीट उघडतं, पण अर्धा तास खेळलं की गेम बंद पडतो, कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’ची निळी स्क्रीन येते. (पुणे)

उत्तर : एक्सएमपी हे स्टिकमध्ये साठवलेलं वेगाचं तयार कोष्टक. बोर्ड त्यांपैकी एका जोडीचं कोष्टक घेतो आणि चारही स्टिकना लावतो. नव्या जोडीचं लागलं असेल तर जुन्या स्टिक त्यांच्या हक्काच्या वेगापलीकडे धावत आहेत. शिवाय चार स्टिकचा भार प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर दोन स्टिकपेक्षा बराच जास्त असतो.

बायोसमध्ये एक्सएमपी बंद करा आणि आकडे हाताने भरा: वेग १६००, टायमिंग ११-११-११-२८, कमांड रेट २टी, डीरॅम व्होल्टेज १.५. सगळ्यांना झेपेल अशी ही सावध मांडणी आहे. स्टिक जोडीजोडीने लावा. दोन्ही जुन्या एकाच रंगाच्या स्लॉटमध्ये आणि दोन्ही नव्या दुसऱ्या रंगाच्या, म्हणजे प्रत्येक जोडी दोन चॅनेलमध्ये विभागली जाते. (दोनच स्टिक असतील तर कुठले स्लॉट आधी भरायचे ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्येच पाहा, प्रत्येक कंपनीचा क्रम निराळा असतो.)

मग तपासणी. मेमटेस्ट८६+ फुकट मिळतं. ते पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून पीसी सुरू करा आणि निदान चार फेऱ्या होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. चूक एकही चालत नाही. हजार चुका आल्या काय आणि एक आली काय, निकाल तोच. चूक दिसली तर सगळ्या स्टिक काढा. एकच स्लॉट निवडून त्यात प्रत्येक स्टिक एकेकटी तपासा. एकच स्टिक नापास होत असेल तर दोष तिचा. सगळ्या पास झाल्या, तर त्यांतली एक घेऊन चारही स्लॉटमधून फिरवा. ठरावीक स्लॉटमध्येच चूक आली तर दोष बोर्डाचा किंवा सॉकेटचा. प्रत्येक स्टिक आणि प्रत्येक स्लॉट सुटा पास, पण चारही एकत्र नापास झाल्या, तर वेग १३३३ वर आणा. गेममध्ये १६०० आणि १३३३ मधला फरक जाणवला तरी थोडाच, आणि डळमळीत १८६६ पेक्षा ठाम १३३३ शतपटीने बरं. खराब रॅम नुसता गेम पाडत नाही. ती डिस्कवर चुकीची अक्षरं लिहिते आणि घरातले फोटोसुद्धा खराब करते. म्हणून ही तपासणी होईपर्यंत त्या पीसीवर कुठलीही महत्त्वाची फाइल कॉपी करू नका.

प्रश्न : ८ जीबीची एकच स्टिक आहे. १६ केल्यास एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढेल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वाढण्याची शक्यता चांगली आहे, पण मुख्य लाभ दुसऱ्या चॅनेलचा. डीडीआर३ १६०० ची एक स्टिक सेकंदाला १२.८ जीबी नेते-आणते, दोन वेगळ्या चॅनेलमध्ये लावल्या तर २५.६. सरासरी एफपीएसपेक्षा मधेच बसणारे हिसके कमी होतात. खर्चाआधी मात्र गेम चालू असताना टास्क मॅनेजर बघा. मेमरी ९० टक्क्यांवर आणि डिस्क १०० वर असेल तर रॅम घ्या. प्रोसेसर १०० वर आणि मेमरी ६० वर असेल तर रॅमवर पैसे घालू नका. रेड डेड रिडेम्प्शन २ सारख्या गेमची शिफारसच १२ जीबीची आहे, तर जीटीए ५ ची मूळ शिफारस ८ जीबी होती, तेव्हा तुम्ही काय खेळता यावरही आहे. १६ जीबी झाली म्हणून पेज फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर राखते ती जागा) बंद करू नका. काही गेम ती नसली की रॅम मोकळी असतानाही ‘मेमरी संपली’ म्हणून बंद पडतात.

प्रश्न : चौथ्या पिढीच्या आय७ गेमिंग लॅपटॉपमध्ये जुन्या लॅपटॉपची डीडीआर३ स्टिक लावली. स्क्रीन काळी. (डोंबिवली)

उत्तर : लॅपटॉपच्या चौथ्या पिढीच्या इंटेलला १.३५ व्होल्टचीच रॅम लागते. ‘पीसी३एल-१२८००एस’ असं लेबल असलेली २०४ पिनांची स्टिक घ्या. ‘एल’ नसलेली १.५ व्होल्टची स्टिक बसते, पण चालत नाही. बदलताना आधी बॅटरी काढा. ती आत असेल तर बोर्डावरचा तिचा कनेक्टर सोडवा. स्टिक ३० अंशांत तिरकी, सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत आत सरकवा आणि मगच खाली दाबा. गेमिंग लॅपटॉपला बऱ्याचदा चार स्लॉट असतात, त्यांतले दोन कीबोर्डखाली. खालचं झाकण उघडून दोनच दिसले तर उरलेल्या दोनांत काय आहे ते सीपीयू-झेडमध्ये बघून मगच खरेदी करा.