बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, वाचायला घेताय तर

भाऊ, एकदम १६व्या अध्यायात उडी मारू नका. सात देवदूत, क्रोधाच्या सात वाट्या... माझी तर झोपच उडाली होती. देवदूतांचं काम समजायला आधी मत्तयच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय उघडा, तिथे येशूचा दाखला आहे. गव्हात निदण, म्हणजे तण, उगवलंय, चाकर उपटायला निघालेत, आणि धनी म्हणतो, कापणीपर्यंत राहू द्या. आपल्या खान्देशात निंदणीला गेलेल्याला हे लगेच उमगतं: कोवळेपणी दोन्ही सारखंच दिसतं, मुळं गुंतलेली असतात. दाखल्यातले कापणारे म्हणजे देवदूत, पण निवाडा त्यांचा नाही; ते हुकमाचे ताबेदार. कुणी सभेत शेवटाची तारीख सांगू लागला, तर मत्तय २४:३६ दाखवा, तो दिवस देवदूतांनाही ठाऊक नाही. आणि हो, त्यांच्या पाया पडायचं नाही. प्रकटीकरण लिहिणारा योहान पडायला गेला, तर दूतानेच अडवलं; प्रकटीकरण २२ बघा.