देखभाल एजन्सी म्हणते 'आमच्याविरुद्ध एकही तक्रार नाही', हे खरं मानावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: भुसावळला तुमची 48 फ्लॅटची सोसायटी आहे, ताबा मिळून दोन-अडीच वर्षं झालीत आणि आता वॉचमन, सफाई, लिफ्ट, मोटर सगळं एकाच एजन्सीला द्यायचं घाटतंय. एजन्सीवाले गूगलवरचे तारे दाखवतात आणि एकही तक्रार नाही म्हणतात. तर तपासायचं कसं?

मी जळगावात आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. माझं मत विचाराल तर 'एकही तक्रार नाही' हे ऐकूनच सावध व्हा. मे महिन्यात पारा 44-45 वर, नळाला पाणी रोज येत नाही, बोअर खाली गेलेला, आणि ते सांभाळतात त्या सोसायट्यांतून एकही माणूस ओरडला नाही? असं होत नसतं. तक्रार नाही याचा अर्थ बहुतेक वेळा नोंद नाही. फोन वॉचमनला जातो, तो "येईल ना भो मोटरवाला" म्हणतो आणि विषय हवेत विरतो.

म्हणून त्यांच्याकडून आकडा मागू नका, ते आत्ता सांभाळतात त्या सोसायटीचं तक्रार-रजिस्टर मागा. ॲपवर नोंदी असतील तर त्यांची यादी मागा. वर्षभराचं मिळालं तर उत्तमच, नाहीतर मे आणि जुलै एवढे दोनच महिने पुरेत. उन्हाळ्यात मोटरी आणि व्होल्टेज कळतं, पहिल्या पावसात गच्ची आणि ड्रेनेज.

रजिस्टर वाचायचं कसं ते सांगतो. एका एजन्सीचं आम्ही पाहिलं होतं. तक्रार आली की त्याच दिवशी 'निकाली', कमिटीतले सगळे खूश. मग बी विंगच्या मोटरच्या नोंदी वेगळ्या काढल्या. दर आठ-दहा दिवसांनी तीच मोटर: कपॅसिटर बदलला, निकाली. परत कपॅसिटर, निकाली. मग रिवाइंडिंग, निकाली. टाकीतला फ्लोट स्विच, म्हणजे पाणी संपलं की मोटर थांबवणारा, बंद पडला होता, मोटर कोरडी फिरून जळत होती आणि रिवाइंडिंगचं बिल दर वेळी सोसायटीच्या माथी. सगळ्या 'निकाली'खाली सही सुपरवायझरची, तीही एकाच पेनाने, एका बैठकीत ओढलेली. ज्याच्या घरी पाणी नव्हतं त्याची सही एकाही ओळीला नाही. तेव्हा किती तासांत तक्रार मिटली यापेक्षा तीच तक्रार परत किती वेळा आली ते मोजा, आणि मिटली असं कोण म्हणतंय ते बघा.

एजन्सीवरही अन्याय नको. नळाला पाणी न येणं हा नगरपालिकेचा प्रश्न. भिंतीला ओल येणं हा तुमच्या बाबतीत अजून बिल्डरचा: ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला तर त्याने 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करायचा असतो, रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याच्या कलम 14 मध्येच आहे ते. आणि बऱ्याचदा एजन्सी खर्चाचं पत्र देते, कमिटी मीटिंगच घेत नाही. असल्या तक्रारी बाजूला काढा, मग उरतील त्या एजन्सीच्या.

रेरावर एजन्सीचं नाव शोधू नका, तिथे प्रकल्प, बिल्डर आणि इस्टेट एजंट असतात. ग्राहक आयोगातली प्रकरणं मात्र ई-जागृती या सरकारी साइटवर पक्षकाराच्या नावाने बघता येतात. अडचण एकच, ही मंडळी पाटी बदलतात. त्यावर उपाय जीएसटी नंबर. त्यातला तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंतचा भाग म्हणजे पॅन. जीएसटीच्या साइटवर तो टाकला की त्या पॅनवरच्या नोंदण्या, नोंदणीची तारीख आणि रिटर्न वेळेवर भरलेत की नाही हे सगळं दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. जुन्या करदात्यांची तारीख साधारण 1 जुलै 2017 असते. '20 वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्याची नोंदणी परवाची निघाली तर विचारायला हरकत काय? धंदाच लहान असेल तर जीएसटी नसूही शकतो, तेवढ्यावरून नाव ठेवू नका.

पीएफचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 20 किंवा जास्त माणसं असलेल्याला तो भरावा लागतो, आणि ईपीएफओच्या साइटवर आस्थापना शोधली की कुठल्या महिन्याचे किती जणांचे पैसे भरले ते दिसतं. पत्रकावर शंभर कामगार आणि पीएफ बाराजणांचा, म्हणजे वॉचमन दर दोन महिन्यांनी नवा येणार हे धरून चाला. तक्रारींचं मूळ निम्मं तिथेच असतं. गार्ड देणार असतील तर खासगी सुरक्षा एजन्सीचा परवाना मागा.

आगीच्या यंत्रणेचं एक छोटं काम: सांभाळतात त्या इमारतीचा 'फॉर्म बी', म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, बघा. तो दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा असतो. मागितल्यावर पाच मिनिटांत फाइल काढली तर माणसं कामाची आहेत. "ऑफिसात असेल" म्हणाले तर समजून घ्या.

गूगलचे तारे सोडून द्या. एजन्सी देते ते फोन नंबरही सोडा, ते सगळे गोडच बोलणार. ज्या सोसायटीने त्यांना सोडलं तिच्या चेअरमनला गाठा. आपल्याकडे जळगाव-भुसावळ-धुळ्यात कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच. त्याला एकच विचारा: जाताना किल्ल्या, लिफ्टच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) कागद आणि रजिस्टर परत दिलं का? बाकीचं तो आपणहून सांगेल.

एवढं करून नेमलीच तर आधी तीन महिने द्या, आणि करारात लिहून घ्या की रजिस्टर सोसायटीच्या मालकीचं, तक्रार ज्याची 'निकाली'ची सही त्याचीच, आणि तीच तक्रार महिन्यात तिसऱ्यांदा आली तर दुरुस्तीचा खर्च बिलातून वजा. या अटीवर घासाघीस होईल, होऊ द्या. सहीच्या कलमालाच नाही म्हणाले तर दुसऱ्याचं कोटेशन मागवा.