विमान आपोआप डावीकडे कसं गेलं?

प्रश्न: माझी मुलगी पायलटचं ट्रेनिंग घेतेय. गेल्या महिन्यात एकटीच सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन टच अँड गोची प्रॅक्टिस करत होती, म्हणजे उतरायचं आणि न थांबता लगेच परत टेकऑफ. तिसऱ्या वेळी फुल थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला पूर्ण पॉवर, दिलं आणि विमान डावीकडे खेचलं जाऊन रनवे सोडून गवतात गेलं, पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर वाकला. तिला साधं खरचटलंही नाही, नशीब. ती म्हणते विमान आपोआप वळलं. असं होतं का, की चूक झाकतेय?

उत्तर: झाकतबिकत काही नाहीये. विमान डावीकडे खेचतंच, आणि त्याच दिवशी नाही तर दर टेकऑफला. पायलटच्या सीटवरून बघितलं तर सेसनाचा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्याची हवा गोल गोल फिरत मागे जाते आणि शेपटीच्या उभ्या पंखावर डाव्या बाजूने आदळते, मग शेपटी उजवीकडे आणि नाक डावीकडे. वेग कमी आणि पॉवर फुल असली की हे सगळ्यात जास्त जाणवतं, म्हणून तर इन्स्ट्रक्टर शेजारी बसून राइट रडर, राइट रडर (म्हणजे उजवं पेडल दाबून शेपटीचं सुकाणू फिरव) ओरडत असतात.

टच अँड गोमध्ये घाई फार. फ्लॅप्स (उतरताना खाली केलेल्या पंखांमागच्या पट्ट्या) वर घ्या, ट्रिम (नाक वर-खाली धरून ठेवणारी सेटिंग) बघा, थ्रॉटल द्या, सगळं धावत्या विमानात, नजर आत गेली की दोन सेकंदांत नाक फिरलेलं असतं. त्यात ट्रिम लँडिंगचाच राहिला तर पॉवर देताच नाक वर उचलायला लागतं, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि त्याची पकड सुटते.

तिला एक विचारा, त्या क्षणी हात काय करत होते? कार चालवणारे बरेच जण घाबरले की समोरचं योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं हँडल, उजवीकडे फिरवतात. पण त्याने चाक वळतच नाही हो! जमिनीवर विमान पायातल्या पेडल्सनी वळतं, योकने फक्त पंखांवरचे एलेरॉन, म्हणजे विमान बाजूला कलवणाऱ्या पट्ट्या, हलतात आणि उजवीकडे फिरवलं तर डाव्या पंखावर उलट थोडा ड्रॅगच (हवेचा अडथळा) वाढतो.

पेडल देऊनही सरळ होत नसेल तर थ्रॉटल बंद, ब्रेक, विषय संपला. थ्रॉटल मागे घेतलं की खेचणंही कमी होतं. आता काही दिवस इन्स्ट्रक्टरबरोबर पूर्ण थांबून लँडिंग करू दे, टच अँड गो नंतर.

ते विमान मात्र तिला इतक्यात मिळणार नाही, चालू इंजिनात प्रोपेलर आपटला की इंजिन खोलून तपासावं लागतं.