सेंट अँड्र्यूजचं हॅलोवीन : आधी गाणं, मग खाऊ

ताई, नवऱ्याच्या पीएचडीसाठी तुम्ही स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला येताय, सोबत सात वर्षांची मुलगी आहे, आणि गाव भुताटकीचं असल्याचं सासूबाईंच्या कानावर आलंय. तेव्हा हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, दार उघडायचं की नाही, असं तुम्ही विचारलंत.

उघडा. बाहेर भुतं असतील, पण कमरेएवढी. तोवर घड्याळं तासभर मागे गेलेली असतात, साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे पोरं लवकर येतात. सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागण्याला स्कॉटलंडमध्ये 'गायझिंग' म्हणतात. नुसती पिशवी पुढे करून भागत नाही. गाणं, कविता, निदान एखादा रद्दड विनोद ऐकवायचा, मग खाऊ. भोंडल्याची गाणी झाल्याशिवाय खिरापत नाही, तसंच. (हल्ली काही पोरं अमेरिकन पद्धतीने सरळ हात पसरतात. मी त्यांना गायला लावते.) माझ्या मुलाने पहिल्या वर्षी मराठी बडबडगीत म्हटलं. शेजारच्या आजींना एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी ते पुन्हा म्हणून घेतलं. तुमच्या मुलीचंही एखादं पाठ करून ठेवा.

खाऊ मात्र पाकीटबंदच ठेवा. मी हौसेने शेंगदाण्याचे लाडू वळले होते, ते एका आईने नम्रपणे परत केले. अ‍ॅलर्जी! गंमत म्हणजे पूर्वी इथे भुईमुगाच्या शेंगा आणि संत्रीच वाटत.

भोपळ्याचा कंदील नंतर आला, मूळचा 'नीप'चा, म्हणजे सलगमासारख्या कंदाचा. तो कोरताना चमचा वाकतो आणि आत मेणबत्ती लावली की करपलेल्या भाजीचा वास सुटतो. एकदा करून बघा, दुसऱ्यांदा कोणी करत नाही.

आणखी एक. ऑक्टोबरातच 'रेझिन वीकेंड' असतो, म्हणजे इथल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची परंपरागत दंगामस्ती. सोमवारी सकाळी विचित्र सोंगं घेतलेले विद्यार्थी एकमेकांवर फेस उडवताना दिसले तर ते हॅलोवीन नव्हे.

आता भुतं. कॅथेड्रलच्या तटबंदीतला बुरूज १८६८मध्ये उघडला तेव्हा आत शवपेट्या सापडल्या. एका बाईचा देह बऱ्यापैकी टिकलेला होता, हातात पांढरे चामडी मोजे होते म्हणतात. तीच 'व्हाइट लेडी', भिंतीपाशी फिरते. शेजारच्या सेंट रूल टॉवरमध्ये एक खून झालेला मठाधिकारी आहे. अंधाऱ्या जिन्यात कोणी अडखळलं की तो हात देतो! कोकणातल्या माझ्या आजोळी इतकं मदतगार भूत मी एकही ऐकलेलं नाही.

पण गाव खरोखर पाळतं ती गोष्ट वेगळीच. नॉर्थ स्ट्रीटवर सेंट साल्व्हेटर चॅपलच्या दाराशी फरसबंदीत 'पीएच' अक्षरं आहेत. ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाची मतं मांडली म्हणून पॅट्रिक हॅमिल्टनला २९ फेब्रुवारी १५२८ रोजी तिथे जिवंत जाळलं. वर मनोऱ्याच्या दगडात त्याचा चेहरा उमटलाय असं दाखवतात. मला तो दिसायला दोन वर्षं लागली. विद्यार्थ्याचा पाय त्या अक्षरांवर पडला की पदवी गेलीच समजायचं. उतारा एकच, १ मेच्या पहाटे उत्तर समुद्रात बुडी, आणि ते पाणी मे महिन्यातही हाडं गोठवतं. तुमच्या यजमानांना पहिल्याच दिवशी ती जागा दाखवून ठेवा. मला तर कसली परीक्षा नाही, तरी भाजीच्या पिशव्या घेऊन वळसा घालूनच जाते.