शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट एका दिवसात पाहून होतं का? आई-वडील सोबत आहेत आणि चित्रांतलं आम्हाला फारसं कळत नाही.

नाही होत, आणि पाहून संपवायचा प्रयत्नही करू नका. मी एका ऑक्टोबरात आईला घेऊन गेले होते. तिचे गुडघे दुखतात आणि चित्रांच्या प्रदर्शनाला ती त्याआधी कधी गेलेली नव्हती. दार उघडल्या उघडल्या आत शिरलो ते बंद व्हायच्या वेळेला बाहेर पडलो. तेवढ्या वेळात नीट पाहिली ती दहा-बारा चित्रं, एक बुद्ध आणि एक जिना.

जिन्याचं आधी सांगते, कारण तुमच्या आई-वडिलांना तिथेच थांबावंसं वाटेल. मिशिगन अव्हेन्यूवरच्या दोन ब्राँझच्या सिंहांमधून आत गेलं की समोरच तो मोठा जिना येतो. ११ सप्टेंबर १८९३ रोजी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलले ते याच इमारतीत. ते सभागृह तात्पुरतं उभारलेलं होतं, त्यामुळे आता ते शोधू नका. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१० मध्ये ते अख्खं भाषण या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ते नव्हतं, पण हे सांगितल्यावर आईने वाकून पहिल्या पायरीला हात लावला आणि मगच ती लिफ्टकडे वळली.

दुसऱ्या मजल्यावर जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं ‘ला ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारच्या दुपारचं चित्र आहे. त्याला निदान अर्धा तास द्या. दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद. नदीकाठी सावलीत बसलेली माणसं, छत्र्या, एक माकडसुद्धा. लांबून ऊन पडलेलं गवत दिसतं. जवळ जावं तर गवत नाहीच, हिरव्याशेजारी पिवळे, नारिंगी, निळे ठिपके. आई आयुष्यभर गोधड्या शिवत आली आहे. ती नाक चित्रापाशी नेऊन म्हणाली, “अगं, हा धावदोराच घातलाय की सगळा!” पुढे झालेली पाहून रखवालदार बाई दोन पावलं जवळ आल्या, तशी मी तिला मागे ओढलं. मग आम्ही बाकावर बसलो.

तिथे बसून मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. सराने हे १८८४ मध्ये रंगवायला घेतलं आणि पुरं करायला दोन वर्षं लावली. त्यातल्या काही ठिपक्यांसाठी त्याने जस्ताचा एक नवा पिवळा रंग वापरला, तो त्याच्या डोळ्यांदेखत तपकिरी पडत गेला. “रंग कच्चा निघाला म्हणायचा,” आई हळहळली, जणू तिच्याच गोधडीचा कपडा विटला होता. दुसरी गोष्ट, १९५८ मध्ये हे चित्र न्यूयॉर्कला प्रदर्शनासाठी दिलेलं असताना तिथल्या संग्रहालयात आग लागली. चित्र वाचलं, पण तेव्हापासून ते कुणालाही उसनं दिलेलं नाही. म्हणजे ते पाहायचं तर शिकागोलाच यावं लागतं.

कायबॉट या फ्रेंच चित्रकाराचं पॅरिसमधल्या पावसाचं चित्र (१८७७) सोडू नका. ओल्या फरसबंदीचा चकाकता दगड पाहून ते छत्रीवालं जोडपं आत्ता आपल्या अंगावर येईल असं वाटतं. अमेरिकन चित्रकार हॉपरचं ‘नाइटहॉक्स’ही आहे, रात्री उघड्या असलेल्या एका उपाहारगृहाचं चित्र. त्या उपाहारगृहाला रस्त्यावर उघडणारं दार शोधून पाहा, चित्रात कुठेच नाही. व्हॅन गॉगने काढलेल्या स्वतःच्या खोलीच्या चित्रासमोर गर्दी असते, तिथे आम्ही रेंगाळलो नाही.

दुपारी पाय बोलायला लागले की दोन जागा. तळमजल्याखाली नार्सिसा थॉर्न नावाच्या बाईंनी करवून घेतलेल्या ६८ चिमुकल्या खोल्या आहेत. एका फुटाला एक इंच या प्रमाणात, खुर्च्या-झुंबरांसकट. तुमच्या वडिलांना हे फार आवडेल असा माझा अंदाज आहे. आणि भारतीय शिल्पांचं दालन. ही इमारत रेल्वेच्या रुळांवरून पलीकडे गेली आहे आणि ते दालन नेमकं त्या पुलावर आहे. नागपट्टणमचा बाराव्या शतकातला ग्रॅनाइटचा बुद्ध ध्यान लावून बसलाय आणि खालून लोकल जातात. आम्ही तिथे बराच वेळ काही न बोलता बसलो होतो.

चाकाची खुर्ची प्रवेशद्वारापाशी मागा, संकोच करू नका. आईने आधी नको म्हटलं, तासाभराने स्वतःच मागितली. पाठीवरची मोठी सॅक हॉटेलवर ठेवा. आठवड्यातून काही दिवस बंद असतं, तेव्हा वार बघूनच तिकीट काढा.

निघताना आईने खुर्ची पुन्हा सराकडे न्यायला सांगितली. चित्राच्या चारी कडांना त्याने ठिपक्यांचीच किनार काढली आहे, आतला रंग बदलेल तशी तीही बदलते. ती तिला सकाळी दिसली नव्हती. यंदा माझ्या मुलीसाठी शिवलेल्या गोधडीला तिने निळ्या कपड्यालगत नारिंगी दोरा घातलाय.